फोन छापतो, लॅपटॉपला मात्र प्रिंटर दिसतच नाही (लिनक्स मिंट)

पाटीपेन्सिल | शुक्रवार, रात्री १०:४०

मंडळी, मदत हवी आहे आणि जरा घाईची आहे. सोमवारी माझ्या क्लासच्या आठवीच्या मुलांची घटक चाचणी. तीन विषयांच्या मिळून दीडेकशे पानं छापायची आहेत आणि प्रिंटर रुसलाय.

घरी शाईच्या टाकीचा, वायफायवाला ऑल-इन-वन आहे. (कंपनीचं नाव घेत नाही. दोष तिचा की माझा हेच अजून कळलेलं नाही.) लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट २१, भाच्याने घालून दिलेलं. इतके दिवस काहीही न करता प्रिंटर आपोआप दिसायचा. गेल्या महिन्यात फायबरचं नवीन कनेक्शन आलं आणि तेव्हापासून लॅपटॉपला प्रिंटर सापडत नाही. जुनं नाव यादीत होतं, त्यावर छापायला दिलं की 'नो सुटेबल डेस्टिनेशन होस्ट फाउंड बाय कप्स-ब्राउज्ड' अशी ओळ येऊन काम अडकायचं. फोनवरून मात्र झकास छापतो!

दोन संध्याकाळी घालवल्या. कंपनीच्या साइटवरून डेब फाइल (मिंटवर सॉफ्टवेअर घालायची फाइल) उतरवून ड्रायव्हर घातला, काढला, परत घातला. भाचा बंगळुरूला, त्याला फुरसत नाही. फोनवरूनच छापा म्हणू नका, भूमितीच्या आकृत्या फोनवर सरकतात.

---

टोनर_संपला | शुक्रवार, रात्री ११:०२

ताई, विंडोज टाका. (हघ्या, म्हणजे हलके घ्या.)

खरं सांगायचं तर ड्रायव्हर अर्धवट बसलाय असं दिसतंय. सगळं पुसून नवीन आवृत्ती घाला. तहसीलसमोर माझं दुकान आहे, दिवसाला शंभर सातबारे छापतो, दहातल्या आठ वेळा ड्रायव्हरच असतो.

---

तारतम्य | शुक्रवार, रात्री ११:२५

ताई, ड्रायव्हरला आता हात लावू नका. टोनरभाऊंच्या दुकानात प्रिंटर यूएसबीने जोडलेला असणार, तिथे त्यांचं बरोबर आहे. पण 'प्रिंटर दिसत नाही' आणि 'दिसतो पण छापत नाही' ही दोन निरनिराळी दुखणी आहेत. ड्रायव्हर दुसऱ्यावरचं औषध. तुम्हाला पहिलं झालंय.

तीन गोष्टी बघून सांगा :

लॅपटॉपचा आयपी पत्ता. खालच्या पट्टीवरच्या वायफायच्या चिन्हातून नेटवर्क सेटिंग्जमध्ये गेलात की दिसेल.

प्रिंटरचा आयपी पत्ता. प्रिंटरवरूनच नेटवर्कचा अहवाल छापता येतो, कुठलं बटण दाबून धरायचं ते पुस्तिकेत असतं.

मग टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडून पिंग, एक जागा सोडून प्रिंटरचा पत्ता. पलीकडून उत्तर येतं का ते यातून कळतं. जे येईल त्यातली एक ओळ जशीच्या तशी इथे द्या.

आणि फोन नि लॅपटॉप एकाच नावाच्या वायफायवर आहेत का?

---

पाटीपेन्सिल | शनिवार, सकाळी ७:१५

लॅपटॉप : १९२.१६८.०.१०४
प्रिंटर : १९२.१६८.१.७

पिंग जातंय! ओळ अशी : ६४ बाइट्स फ्रॉम १९२.१६८.१.७, टीटीएल=६३, टाइम=५.८ एमएस.

वायफाय दोन आहेत खरी. हॉलमध्ये फायबरवाल्याचा डबा. क्लासची खोली मागच्या बाजूला, तिथे रेंज येत नव्हती म्हणून वायरमनने माझा जुना राउटर वायर ओढून बसवून दिला. लॅपटॉप त्याच्यावर असतो. फोन हॉलच्या वायफायवर. प्रिंटरही हॉलमध्येच.

---

जुना_टाइपिस्ट | शनिवार, सकाळी ८:०५

पिंग जातंय म्हणजे नेटवर्क ठीक आहे. फिरून ड्रायव्हरवरच येतंय गाडं. टोनरसंपलांना +१.

---

तारतम्य | शनिवार, सकाळी ८:५०

काका, इथेच भले भले फसतात. तिसरा आकडा बघा. लॅपटॉप ०च्या घरात, प्रिंटर १च्या घरात. शिवाय टीटीएल ६३. बहुतेक प्रिंटर ६४ लावून उत्तर पाठवतात, वाटेत एक राउटर ओलांडला की एक कमी होतो. म्हणजे दोघांच्या मधे एक राउटर उभा आहे.

आता, लॅपटॉप प्रिंटर शोधतो कसा? तो कुणाला पत्ता विचारत नाही, हाक मारतो. वाड्याच्या चौकात उभं राहून 'छापणारं कोण आहे का रे इथे?' म्हणून ओरडायचं, आणि जो असेल त्याने 'मी आहे, माझं नाव हे, मला अमुक येतं' असं ओरडून सांगायचं. याला एमडीएनएस म्हणतात. हाक जाते २२४.०.०.२५१ या सामाईक पत्त्यावर, यूडीपी पोर्ट ५३५३ वर. लिनक्सवर हे काम अवाही नावाची सेवा करते, ॲपलवाले यालाच बोंजूर म्हणतात. आणि ही हाक वाड्याच्या भिंतीपलीकडे जात नाही, म्हणजे राउटर ती पुढे पाठवत नाही. तसं ठरवूनच केलंय, नाहीतर शेजारच्या वाड्यातले प्रिंटरही ओ देतील.

ताईंच्या मागच्या राउटरला वाटतं की हॉलचा डबा म्हणजे इंटरनेट. त्यामुळे आतून बाहेर पत्ता लिहिलेलं पाकीट व्यवस्थित जातं, म्हणून पिंग चालतं. हाक मात्र आतच विरते. फोन प्रिंटरच्याच वाड्यात आहे, त्याला लगेच ओ मिळते.

तेव्हा ताई, सोमवारपुरता सोपा उपाय : हाक मारू नका, पत्ता लिहा. मोबाइलवरून लिहितोय आणि कीबोर्ड मराठी आहे, म्हणून आज्ञा उच्चाराप्रमाणे देतो. टर्मिनलमध्ये रोमनमध्ये टाका :

सुडो एलपीॲडमिन -पी क्लास -ई -व्ही आयपीपी://१९२.१६८.१.७/आयपीपी/प्रिंट -एम एव्हरीव्हेअर

छोटा पी, मोठा ई, बाकी सगळं छोट्या लिपीत. मधला 'ई' विसरू नका, त्याशिवाय रांग (लॅपटॉपमधली त्या प्रिंटरची नोंद) बंद अवस्थेतच तयार होते. शेवटचं 'एव्हरीव्हेअर' म्हणजे वेगळा ड्रायव्हर नको, प्रिंटरलाच विचार तुला काय काय येतं. गेल्या दहाएक वर्षांतल्या बऱ्याच वायफाय प्रिंटरना हे जमतं.

---

पाटीपेन्सिल | शनिवार, सकाळी ९:४०

आज्ञा दिली. एक इशारा आला की ड्रायव्हर कालबाह्य आहेत आणि पुढच्या आवृत्तीत बंद पडतील, असं काहीसं. पण प्रिंटर यादीत आला!!

छापायला दिलं. प्रिंटर खडबडून जागा झाला, कागद ओढल्यासारखा आवाज केला आणि नारिंगी दिवा लुकलुकवत बसलाय. कागद भरलेला आहे. आता काय?

---

टोनर_संपला | शनिवार, सकाळी ९:५२

हे मला येतं! ए४ कागद घातलाय आणि कॉम्प्युटर लेटर मागतोय. आमच्याकडे नवीन मशीन बसवलं की पहिला आठवडा हेच चालतं. प्रिंटरच्या गुणधर्मांत जाऊन कागद ए४ करा.

---

तारतम्य | शनिवार, सकाळी १०:१०

टोनरभाऊ, नेमकं. मुळाशी जायचं तर भाच्याने मिंट घालताना 'इंग्लिश, युनायटेड स्टेट्स' निवडलं असणार. अमेरिकेत लेटर चालतो, २१६ बाय २७९ मिमी, आपला ए४ २१० बाय २९७. भाषेच्या सेटिंगमध्ये प्रदेश 'इंग्लिश, इंडिया' करून लॉगआउट-लॉगिन करा, म्हणजे लिबरऑफिसची नवीन पानंही ए४ येतील. आधी केलेल्या प्रश्नपत्रिकांचं पान मात्र 'फॉरमॅट'मध्ये जाऊन हाताने बदलावं लागेल. रांगेसाठी :

सुडो एलपीॲडमिन -पी क्लास -ओ मीडिया=ए४

हे न चाललं तर मीडियाच्या जागी पेजसाइझ, पी आणि एस मोठे. अडकलेलं काम आधी रद्द करा, नाहीतर प्रिंटर त्याचीच वाट बघत बसेल.

---

पाटीपेन्सिल | शनिवार, सकाळी ११:३०

छापलं!!! विज्ञानाची पन्नास पानं निघाली. दंडवत घ्या सगळ्यांनी.

पण तो इशारा काय होता? माझ्या हातून काही बिघडलं नाही ना?

---

जुना_टाइपिस्ट | शनिवार, दुपारी १२:१५

आधीचे शब्द मागे घेतो. टीटीएलची गंमत मला ठाऊक नव्हती.

अवांतर : मुक्त सॉफ्टवेअरचं सगळं बंड एका प्रिंटरवरूनच सुरू झालं म्हणतात ते खोटं नाही. १९८० च्या सुमाराला एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा लेसर प्रिंटर आला. आधीच्या प्रिंटरचं सॉफ्टवेअर रिचर्ड स्टॉलमनने स्वतः सुधारलेलं होतं, कागद अडकला की लोकांना निरोप जायचा. नव्याचा सोर्स काही मिळेना. १९८३ मध्ये त्याने ग्नू या मुक्त प्रणालीची घोषणा केली. चाळीस वर्षं उलटली आणि आपण अजून नारिंगी दिव्याकडे बघत बसलोय.

---

तारतम्य | शनिवार, दुपारी १:०५

ताई, काही बिघडलेलं नाही. लिनक्सवर छपाईचं काम बघते ती कप्स. मायकेल स्वीटने नव्वदच्या दशकाच्या शेवटी लिहिली, २००७ मध्ये ॲपलने विकत घेतली, २०१९ च्या अखेरीस स्वीट तिथून बाहेर पडला. आता लिनक्सवरचं काम ओपनप्रिंटिंग या गटाकडे आहे. पूर्वी प्रत्येक प्रिंटरची एक पीपीडी फाइल असायची, त्याला काय काय येतं याची कुंडलीच म्हणा. ती पद्धत हळूहळू मोडीत काढताहेत, इशारा त्याचा आहे. तुमचा प्रिंटर कुंडली न मागता स्वतः बोलतोय, तुम्हाला पुढेही अडचण नाही. दोन संध्याकाळी खपून घातलेला तो डेब ड्रायव्हर काढून टाकला तरी चालेल.

---

कुलूपकिल्ली | शनिवार, दुपारी २:४०

धाग्यात कप्स-ब्राउज्डचं (नेटवर्कवरचे प्रिंटर शोधून आपोआप यादीत घालणारी सेवा) नाव आलंच आहे म्हणून. सप्टेंबर २०२४ मध्ये सिमोने मार्गारिटेली या सुरक्षा संशोधकाने त्यातल्या त्रुटी उघड केल्या. ही सेवा यूडीपी ६३१ वर कान लावून बसायची आणि कुणीही येऊन 'मी प्रिंटर आहे' म्हटलं की विश्वास ठेवायची. मग त्या खोट्या प्रिंटरवर कुणी छापायला दिलं की आपल्या मशीनवर परक्याची आज्ञा चालवता यायची. दुरुस्त्या आल्या आहेत, अपडेट घेतले असतील तर घाबरायचं कारण नाही.

पण मुळात घरात ही सेवा लागत नाही. आजची कप्स, अवाही चालू असेल तर, ड्रायव्हर न लागणारे प्रिंटर स्वतःच दाखवते. मी बंद करून ठेवलीये :

सुडो सिस्टिमसीटीएल डिसेबल --नाऊ कप्स-ब्राउज्ड

ताईंना आलेली 'नो सुटेबल डेस्टिनेशन' ही ओळ याच सेवेची. तिने पूर्वी आपोआप केलेली रांग शिल्लक होती, मागचा प्रिंटर गायब झाला होता. ती जुनी रांग पुसा.

---

दूरदेशी | शनिवार, सायंकाळी ५:२०

न्यूर्नबर्गहून. माझ्याकडे एकच राउटर, पत्ते एकाच घरातले, तरी प्रिंटर दिसत नव्हता, म्हणून लिहितो. ओपनसुसे या माझ्या लिनक्समध्ये फायरवॉल (बाहेरून येणारं अडवणारा पहारेकरी) पहिल्यापासून चालू असते आणि वायफायला 'पब्लिक' झोन लावलेला असतो. त्यात एमडीएनएस बंद. आपण हाक मारतो, प्रिंटर ओ देतो आणि ती ओ आपल्याच दाराशी अडवली जाते. घरच्या वायफायला 'होम' झोन लावला आणि अर्ध्या मिनिटात प्रिंटर हजर.

मिंटमध्ये फायरवॉल मुळात बंद असते. उबुंटूवाल्यांनी यूएफडब्ल्यू ही त्यांची फायरवॉल चालू केली तरी तिच्या मूळ नियमांत एमडीएनएसला वाट ठेवलेली आहे. त्यामुळे हे दुखणं मुख्यतः आमच्यासारख्यांचं.

ओ आली की नाही हे बघायला : अवाही-ब्राउझ -आरटी _आयपीपी._टीसीपी. यात नाव आलं तर शोधाचा भाग नीट आहे, पुढचं छपाईत बघायचं. काहीच आलं नाही तर छपाईच्या सेटिंगांत डोकं घालू नका.

---

घरून_काम | शनिवार, रात्री ८:१०

माझी भर : ऑफिसचं व्हीपीएन. ते चालू असलं की घरचा प्रिंटर गायब, बंद केलं की हजर. हे लक्षात यायला मला तीन आठवडे लागले, कारण मी फक्त कामाच्या वेळातच छापायचो.

---

तारतम्य | शनिवार, रात्री ९:००

घरूनकाम, हे एक नंबर. आणखी एक, पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय असतं त्यावर प्रिंटर जोडू नये. त्यात जोडलेल्या यंत्रांना एकमेकांशी बोलूच देत नाहीत. आणि बरेच स्वस्त प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. लॅपटॉप ५ वर असला तरी बिघडत नाही, राउटर एकच असला म्हणजे झालं.

---

टोनर_संपला | शनिवार, रात्री ९:४५

आता माझंही विचारून घेतो. दुकानात एक जुना यूएसबी लेसर आहे, नेटवर्कचा नाही. तीन कॉम्प्युटरना एकच वापरायचा आहे. एका मशीनवर मिंट टाकून बघितलं, प्रिंटर दिसतो, काम पाठवलं की 'झालं' म्हणतो आणि कागद काही येत नाही. वीज जाऊन आली की हटकून.

---

तारतम्य | शनिवार, रात्री १०:३०

इथे मात्र दुखणं ड्रायव्हरचं! पहिल्या दिवशी तुम्ही बोललात ते आता लागू पडलं.

काही लेसर प्रिंटरच्या पोटात स्वतःचं फर्मवेअर (यंत्र चालवणारं आतलं सॉफ्टवेअर) कायमचं नसतं. एचपीचा लेसरजेट १०२० त्यातलाच : दर वेळी चालू केला की कॉम्प्युटरकडून ते भरावं लागतं. वीज गेली की पोट रिकामं. एचपीचा असेल तर एचपीएलआयपी हे एचपीचं लिनक्ससाठीचं ड्रायव्हर पॅकेज घाला आणि त्यावर एचपी-प्लगइन ही आज्ञा चालवा. प्लगइन आणि एचपीएलआयपी यांची आवृत्ती तंतोतंत एक हवी. अपडेटनंतर छपाई थांबली तर आधी प्लगइन पुन्हा घाला. कॅननचा एलबीपी २९०० असेल तर त्याची भाषाच वेगळी, कॅप्ट म्हणतात, त्याला कॅननचाच ड्रायव्हर लागतो.

एकदा त्या मशीनवर छापायला लागला की : सुडो कप्ससीटीएल --शेअर-प्रिंटर्स, आणि रांगेच्या सेटिंगमध्ये 'शेअर' वर खूण. बाकीच्या दोन मशीनवर मिंट असेल तर तिथे काहीच घालायचं नाही. त्यांना तो जुना लेसर नव्या वायफाय प्रिंटरसारखाच दिसेल, ड्रायव्हरचं ओझं एकट्या पहिल्या मशीनवर. ते मशीन मात्र सतत चालू हवं.

---

जुना_टाइपिस्ट | रविवार, सकाळी ७:३०

माझ्याकडे १९९८ पासूनच्या मराठी प्रश्नपत्रिका आहेत. लिनक्सवर छापल्या की 'eÉ' छापाची चिन्हं येतात. हाही ड्रायव्हरच का?

---

कुलूपकिल्ली | रविवार, सकाळी ८:१५

नाही काका, प्रिंटर बिचारा निर्दोष आहे. त्या फायली युनिकोडच्या आधीच्या फाँटमधल्या. त्यात 'क' हा क नसतोच, एखाद्या इंग्रजी चिन्हाच्या जागी क चं चित्र बसवलेलं असतं. तो फाँट मशीनवर नसला की खालचं चिन्ह उघडं पडतं. एक तर फाँट घाला, नाहीतर मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या.

आणि युनिकोड मराठीची साधी टेक्स्ट फाइल टर्मिनलमधून थेट छापायला देऊ नका. कप्सचा तो मार्ग जोडाक्षरं जुळवत नाही, ऱ्हस्व वेलांट्या भलत्या अक्षराला चिकटतात. लिबरऑफिसमधून पीडीएफ करून ती छापा.

---

पाटीपेन्सिल | रविवार, दुपारी ४:२०

सगळ्या प्रश्नपत्रिका छापून झाल्या. आता जरा निवांत विचारते : तो मधला राउटर कायमचा सुधारता येईल का? स्कॅनर अजून दिसत नाहीये.

---

तारतम्य | रविवार, सायंकाळी ६:००

येईल. मागच्या राउटरच्या पानावर 'ॲक्सेस पॉइंट मोड' असेल तर तेवढं निवडा, संपलं. नसेल तर आधी त्याचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.२ करा, हॉलच्या डब्यातला तो दुसऱ्या कुणाला दिलेला नाही ना हे बघून. मग त्या नव्या पत्त्यावर जाऊन डीएचसीपी, म्हणजे त्याचं पत्ते वाटणं, बंद करा. आणि हॉलकडून आलेली वायर वेगळ्या रंगाच्या 'वॅन' भोकातून काढून बाकीच्या चारांपैकी एकात घाला. भिंत पडली, दोन वाड्यांचा एक झाला.

स्कॅनरसाठी सेन-एअरस्कॅन हे पॅकेज. तोही हाकेवरच सापडतो, म्हणून आत्ता दिसत नाही.

आणि एक कराच : हॉलच्या डब्यात प्रिंटरचा पत्ता राखून ठेवा, 'ॲड्रेस रिझर्व्हेशन'. नाहीतर वीज गेल्यावर कधीतरी त्याला वेगळा पत्ता मिळेल.

---

पाटीपेन्सिल | रविवार, रात्री ९:१०

वायर बदलली. पहिल्या खेपेला चुकीच्या भोकात घातली, सगळं घर दहा मिनिटं इंटरनेटविना, घरच्यांचे चेहरे बघण्यासारखे. पण आता प्रिंटर आपोआप दिसतोय आणि स्कॅनरसुद्धा. यादीत प्रिंटर दोन आहेत, एक मी घातलेला, एक आपोआप आलेला. राहू द्यावेत?

---

तारतम्य | रविवार, रात्री ९:३०

राहू द्या. पत्ता राखलात का?

---

पाटीपेन्सिल | तीन आठवड्यांनी, गुरुवार, रात्री ८:४५

नव्हता राखला.

दुपारी दोन तास लाइट गेली, आल्यावर 'क्लास' वर छापायला दिलं तर नुसतं थांबलेलं. प्रिंटरचा अहवाल काढला : १९२.१६८.१.९. आपोआप आलेल्या नावावर मात्र लगेच छापलं, तेव्हा कळलं दोन का राहू द्या म्हणालात ते.

डब्याच्या पानावर जाऊन ७ हाच आकडा राखून दिला, प्रिंटर बंद-चालू केला, मग सुडो कप्सएनेबल क्लास. थांबलेल्या तीन प्रती एकदम बाहेर आल्या. आकडा चिकटपट्टीवर लिहून प्रिंटरला लावलाय.

---

टोनर_संपला | गुरुवार, रात्री ९:०५

ताई, माझा १०२०च निघाला. प्लगइन घातल्यापासून लाइट चार वेळा गेली, चारही वेळा छापला. धागा वाखुसा (वाचनखूण साठवली).